चौदा गाणी आणि अकरा पेट्या

माझ्याकडे अकरा पेट्या आहेत. घरात त्यांतली एकही नाही. सगळ्या संगणकात आहेत. कुठल्यातरी स्टुडिओत कुणीतरी खऱ्या हार्मोनियमसमोर माइक लावले, एकेक पट्टी हळू दाबून, जोरात दाबून, भाता भरलेला असताना, भाता संपत आलेला असताना तिचा आवाज टिपला, आणि ते सगळे तुकडे एका गठ्ठ्यात बांधून विकायला काढले. मी बंगळूरच्या जे. पी. नगरातल्या माझ्या खोलीत प्लास्टिकच्या कीबोर्डवर बोट ठेवतो आणि त्या माणसाने कधीकाळी दाबलेली पट्टी माझ्यासाठी पुन्हा वाजते. अशा अकरा पेट्या. शिवाय सहा तानपुरे, चार ढोलक्या आणि एक संबळ, ज्याला मी अजून हातही लावलेला नाही. एवढ्या वाद्यांत मिळून एक गाणं माझ्याकडे नाही.

पीण्या या कारखान्यांच्या भागातल्या एका लहानशा कारखान्यात मी माल तपासायचं काम करतो. यंत्रांचे सुटे भाग मोजायचे आणि केसाएवढा फरक असला तरी बाजूला टाकायचे, यासाठी मला पगार मिळतो. कारखान्यातले लोक माझ्या पाठीमागे म्हणतात की हा माणूस स्वतःच्या लग्नात बायकोलाही पास करायला तयार नव्हता. हे बायकोला सांगितलं तेव्हा ती हसली नाही. ती पुण्याची, नोकरीसाठी बंगळूरला आलेली, आणि तिचं माझ्याबद्दलचं मत कारखान्यापेक्षा फारसं वेगळं नाही.

आम्ही मात्र इथले जुने. आमच्यातलं पहिलं माणूस कुणाच्या फौजेबरोबर आणि केव्हा इकडे आलं हे आता कुणालाच धड सांगता येत नाही. घरात मराठी टिकली, अर्धी कन्नड मिसळून का होईना. आईला मी आणि माझी बहीण अक्का म्हणतो, कारण तिचे धाकटे भाऊ तिला अक्का म्हणत आणि आम्ही त्यांचं ऐकूनच बोलायला शिकलो.

अक्काकडे विहिणीची गाणी होती. लग्नात जेवणं उरकली की मुलीकडच्या बायका नवऱ्या मुलाच्या आईला मध्ये बसवून तिची थट्टा करतात, ती गाणी. विहीणबाईंची नथ केवढी, लाडू केवढे, पिशवीत त्यांनी काय काय लपवलं, सारात मीठ कमी म्हणून त्या कशा रुसल्या, असलं सगळं. अर्धी ओळ मराठी आणि अर्धी कन्नड. ज्या विहिणीवर गाणं म्हटलं जायचं तीच पोट धरून हसायची, आणि एखादीला खरोखर राग आला तर अक्का तिच्यावर आणखी एक रचून म्हणायची. तिच्या मागे म्हणणाऱ्या जावा आणि नणंदा एकेक करून गेल्या. उरलेल्या बायकांना शेवटची ओळ तेवढी येते, बाकीच्या वेळी त्या टाळ्या वाजवतात. चालींसकट सगळी चौदा गाणी येणारी एकटी अक्काच होती, आणि ती चौऱ्याहत्तर वर्षांची होती.

बहिणीच्या मुलीचं लग्न डिसेंबरात ठरलं. मुलगा नागपूरचा, इथेच आयटीत. बहिणीने म्हैसूरहून फोन केला. अक्काला आता दम पुरत नाही, तेव्हा तुझ्या त्या मशीनवर तिची गाणी भरून घे, लग्नात स्पीकरवर लावू आणि आम्ही मागे म्हणू, असं तिचं म्हणणं. नंतरही राहतील, असं ती शेवटी म्हणाली. नंतर म्हणजे कशानंतर, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. होऊन जाईल म्हणून मी सांगितलं.

अक्का तर त्याच दिवशी तयार होती. तिने पदर खोचला आणि माझा फोन जेवणाच्या टेबलावर उभा करून ठेवला.

"हे लाव. मी म्हणते. स्वल्प पाणी तेवढं दे."

मी फोन उचलून खिशात घातला. असं नसतं अक्का, म्हटलं. नीट करू. मागे पेटी पाहिजे, तानपुरा पाहिजे, ढोलकी पाहिजे. आमच्या रेकॉर्डिंगवाल्यांत पद्धत अशी आहे की गाणाऱ्याने आधी एकदा कच्चं गाऊन द्यायचं. ते फक्त मापासाठी. त्या कच्च्या गाण्यावर वाद्यं बसवायची, मग गाणाऱ्याने वाद्यांबरोबर पक्कं गायचं आणि कच्चं टाकून द्यायचं. जगभर असंच करतात, हेही मी तिला ऐकवलं. विहिणीच्या गाण्यांना आयुष्यात कधी पेटी लागली नव्हती. स्टीलच्या ताटावर बांगडीने धरलेला ठेका हेच त्यांचं वाद्य होतं. पण अक्का म्हणाली, "सरी, बरं. तुला कळतं ते."

ती तसं का म्हणाली, याचा मी आता पुष्कळ विचार करतो. मला कळतं असं तिला खरंच वाटत होतं.

जून ते ऑगस्ट, दर रविवारी सकाळी मी तिला माझ्या खोलीत बसवून कच्चं गाऊन घेतलं. पहिल्या दिवशी तिच्या कानाला हेडफोन लावून त्यात ठेक्याची टकटक सोडली. ती दोन ओळी गायली आणि हेडफोन काढून म्हणाली की परीक्षेला बसल्यासारखं वाटतंय. मग टकटकीशिवाय घेतलं. ती मध्येच थांबायची, हसायची, हे गाणं कुणाच्या लग्नात म्हटलं होतं आणि ती विहीण कशी ताटावरून उठून गेली होती ते सांगायची, मग जिथे सोडलं तिथून पुन्हा धरायची. स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या होत. खाली टोमॅटो-कांद्याची गाडी भोंगा लावून जायची. तिच्या बांगड्या वाजत. मी कपाळाला हात लावून पडद्यावरच्या रेघा बघत बसायचो. किती घाण आहे यात, एवढंच डोक्यात. पण कच्चंच तर आहे, म्हणून सोडून द्यायचो. चौदाच्या चौदा गाणी झाली. त्यांचा फोल्डर केला आणि त्याला नाव दिलं 'कच्चे'.

मग मी पेटी निवडायला बसलो.

हे दुखणं ज्याला नाही त्याला समजावणं अवघड आहे. पहिली पेटी गोड होती, पण तीच पट्टी लागोपाठ चार वेळा दाबली की चारही वेळा हुबेहूब तोच आवाज. खरी पेटी असं करत नाही, लगेच कळतं. दुसरीत प्रत्येक पट्टीचे पाच-पाच आवाज होते, पण भाता ऐकूच येत नव्हता. कोपऱ्यातला भाता ओढणारा माणूसच नाही अशी ती पेटी. तिसरीत भात्याचा श्वास कमी-जास्त करायला वेगळं बटण होतं. ते मिळाल्यावर मी दोन आठवडे नुसता भाता ऐकत होतो. जे. पी. नगर ते पीण्या मेट्रोत जातानाही हेच, येतानाही हेच. कानात कुणा अनोळखी माणसाची पेटी, आणि पुढच्या स्टेशनवर दुसरी. या वाद्यांवर वाद घालणारे लोक इंटरनेटवर आहेत, त्यांतल्या अनेकांनी आयुष्यात एक पूर्ण गाणं केलेलं नाही, आणि मी त्यांचं म्हणणं वहीत उतरवून घेत होतो.

त्यात अक्काचा सूर. ती काळी एक आणि पांढरी दोन यांच्या मध्ये कुठेतरी लावायची आणि गाणं रंगलं की थोडी वर चढायची. कुठलीच पेटी तिच्याशी जुळेना. मी ते मोजलं. मोजणं हेच माझं काम. प्रत्येक गाण्यात ती किती सरकते ते लिहून काढलं आणि तिला दाखवलं. तिने चष्मा लावून तो कागद मन लावून वाचला. "मी चुकते होय रे?" असं तिने विचारलं, आणि मी नाही म्हणालो नाही. पेटीबरोबर म्हटलंस की आपोआप नीट होईल, असं म्हणालो. त्यानंतर ती घरात काम करताना गुणगुणायची थोडी कमी झाली. हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. बायकोने नंतर सांगितलं.

बायको मधूनमधून खोलीच्या दारात उभी राहून विचारायची की तू गाणी करतोयस की दुकान मांडतोयस. "एकदा फायनल कर ना रे काहीतरी," ती म्हणायची. "ऐकणाऱ्यांना पेटी ऐकायचीच नाहीये." मी तिला म्हणायचो की तुला यातलं कळत नाही. हे वाक्य त्या दिवसांत मी फार वापरलं.

दसऱ्याच्या आधीच्या रविवारी मला पेटी मिळाली. अकरावी. ती ऐकली आणि खरंच अंगावर काटा आला. जुनी, किंचित घोगरी, पट्टी सोडताना लाकडाचा बारीक आवाज येणारी. कुठेही बोट ठेवा, नाव ठेवायला जागा नाही. मोठी होती, संगणकात तेवढी जागा नव्हती. डाउनलोड अर्ध्यात थांबलं आणि जागा रिकामी करा असा निरोप आला.

काय काय टाकता येईल हे मी पाहिलं. बाकीच्या दहा पेट्या टाकता आल्या असत्या. त्या विकत घेतलेल्या होत्या, केव्हाही पुन्हा उतरवून घेता आल्या असत्या. पण मला त्या एकमेकींशी ताडून बघायच्या होत्या. मग 'कच्चे' दिसला. ठेक्याशिवाय गायलेलं, कुकरच्या शिट्ट्यांसकट, आणि आता पेटी नव्या सुरात बसवायची म्हटल्यावर मापालाही बिनकामाचं. कुठे काय येतं ते मी लिहून घेतलेलं होतं. पुढच्या रविवारी पक्कं घ्यायचंच होतं. मी तो फोल्डर टाकला आणि मग जागा लगेच मोकळी व्हावी म्हणून कचऱ्याची टोपलीही रिकामी केली. खात्री आहे का, असं संगणकाने विचारलं. माझी खात्री होती. वाद्यांची मी वेगळ्या डिस्कवर प्रत काढून ठेवली होती. अक्काची काढली नव्हती, कारण कच्च्या मालाची प्रत कुणी ठेवत नाही.

अक्काच्या गळ्यात बरीच वर्षं एक गाठ होती. ती काढायची हे ठरलेलं होतं, पण लग्न झाल्यावर. त्या आठवड्यात तिला गिळायला त्रास होऊ लागला, पुन्हा तपासण्या झाल्या, आणि आता थांबू नका, असं डॉक्टर म्हणाले. शुक्रवारी ऑपरेशन ठरलं. त्यांनी काही लपवलं नाही. आवाजाची नस त्या गाठीला चिकटूनच जाते, आम्ही जपू, पण आवाज बदलू शकतो. कधी परत येतो, कधी येत नाही. अक्काने शांतपणे ऐकलं आणि जेवण कधीपासून बंद ठेवायचं ते विचारलं.

बुधवारी संध्याकाळी ती माझ्या खोलीत आली आणि नेहमीच्या खुर्चीत बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात भरती व्हायचं होतं. ती म्हणाली, "आता म्हणू का? परत जमतं न जमतं."

मला हे सरळ लिहायचं आहे, कारण तोंडाने हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. माइक समोर होता. फोन खिशात होता. तिचा गळा त्या संध्याकाळी बरा होता. चौदा नाही तरी चार-पाच गाणी सहज झाली असती. पण अकरावी पेटी अजून तिच्या सुरात बसवून झाली नव्हती. आणि आता घाईने गा म्हटलं असतं तर आधीची कुठे गेली हा प्रश्न आला असता. मी घाबरलो. तिच्या आवाजाबद्दल नाही, माझ्याबद्दल.

मी म्हटलं, "आता गळ्याला त्रास नको. बरी झालीस की निवांत करू."

"ते पण खरं," ती म्हणाली. "आणि अगदीच नाही आला आवाज, तर आधीची आहेतच की."

"आहेत," मी म्हणालो.

ती उठली आणि जाताना तिने खोलीतला दिवा बंद केला, मी आत बसलेला असताना. तशी तिला सवय आहे. मी उठून पुन्हा लावला.

ऑपरेशन चांगलं झालं. गाठ साधी निघाली. आवाज गेला. म्हणजे बोलते, पण हवाच जास्त. कानाजवळ यावं लागतं. गळ्याचे व्यायाम शिकवायला एक बाई आठवड्यातून दोनदा येत. त्यांच्यासमोर ती आ, ई, ऊ म्हणायची, आणि सूर लावायला गेली की तो मध्येच फाटायचा. मग ती हात हलवून म्हणायची की नको, उद्या.

लग्न देवनहळ्ळीच्या पुढे एका मोठ्या हॉलमध्ये झालं. जेवणं उरकल्यावर नागपूरच्या विहीणबाईंना मध्ये खुर्ची देऊन बसवलं. त्या फार हौशी होत्या, मला शिव्या कधी देणार म्हणून सकाळपासून विचारत होत्या. बहिणीने माझ्याकडे बघून स्पीकरची खूण केली. त्या क्षणापर्यंत मी तिला काही सांगितलं नव्हतं. सांगेन, सांगेन करत डिसेंबर आला होता. मी खिशात हात घालून उभा राहिलो. तेवढ्यात अक्काने बहिणीला जवळ ओढून कानात काहीतरी सांगितलं आणि बहिणीने ते सगळ्यांना मोठ्याने सांगितलं: विहीण समोर बसलेली असताना मशीनवर नको, माझा आवाज आला की नागपूरला येऊन तोंडावर म्हणेन. सगळे हसले. विहीणबाईंनी अक्काचा हात धरला. मग कुणीतरी सिनेमातली गाणी लावली आणि पोरी नाचल्या. मी सुटलो. इतका सुटलो की मला भूक लागली आणि मी पुन्हा पानावर बसून एक होळिगे, म्हणजे आमच्याकडची पुरणपोळी, खाल्ली.

आवाज आला नाही. मार्चमध्ये व्यायामाच्या बाईंनी स्वतःहून सांगितलं की आता यापेक्षा फारसा फरक पडणार नाही. अक्काने एक वही आणवली आणि चौदा गाण्यांचे शब्द लिहून काढले, मराठी देवनागरीत आणि कन्नड कन्नडमध्ये, एकाच ओळीत दोन लिप्या. शब्द झाले. चाली कुठल्या लिपीत लिहिणार? मी आठवून एक-दोन चाली कीबोर्डवर वाजवून दाखवल्या. ती मानेने नाही म्हणायची. पुन्हा वाजवायचो, पुन्हा नाही. चौदाही गाणी मी समोर बसून ऐकली होती, पण ऐकताना कुकरच्या शिट्ट्या मोजत होतो.

एका रविवारी सकाळी ती वही घेऊन माझ्या खोलीत आली आणि खुर्चीत बसली. बहिणीला वहीचे फोटो पाठवायचे होते, त्याबरोबर गाणीही पाठव, असं तिने कानाशी येऊन सांगितलं. आधी मला ऐकव, म्हणाली. कशी म्हटली आहेत ते मलाही आठवत नाही.

तेव्हा तरी सांगायचं. मी काय केलं, तर पहिल्या गाण्याची वाद्यं लावली. ती मी फेब्रुवारीत बसवून पूर्ण केली होती. का केली, मला विचारू नका. तानपुरा सुरू झाला. मग अकरावी पेटी. ओळींच्या मधल्या जागा भरणारी, आणि जिथे अक्का गाणार तिथे बाजूला होऊन नुसता सूर धरून राहणारी. अक्काने डोळे मिटले. तिचं बोट खुर्चीच्या हातावर ठेका धरू लागलं. पहिली ओळ यायची जागा आली आणि रिकामी गेली. तिने वाट पाहिली. दुसऱ्या ओळीची जागा आली. तिचं बोट थोडं अडखळलं आणि पुन्हा चालू झालं. तिसऱ्या ओळीला तिने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं, आणि मी पडद्याकडे पाहत राहिलो.

तिने गाणं बंद करायला सांगितलं नाही. पूर्ण ऐकलं, सगळ्या रिकाम्या ओळींसकट, शेवटच्या ठेक्यापर्यंत. मग वही मिटून मांडीवर ठेवली. ती काहीतरी म्हणाली ते मला ऐकू आलं नाही, म्हणून मी खाली वाकलो.

"पेटी चांगली निवडलीस," ती म्हणाली.

आणि उठून, जाताना दिवा बंद करून गेली.